बाहेरची

कॉलेजच्या गेटात टँकर आडवा,
पाइप जमिनीतल्या टाकीत सोडलेला.
त्याला वळसा घालून मी आत शिरले.
पर्समध्ये विद्यापीठाचं पत्र:
टी.वाय., रसायनशास्त्र, वीस उमेदवार.

वॉचमनने विचारलं, कोण?
म्हटलं, एक्स्टर्नल.
तो खुर्चीतून उठला
आणि इंटरकॉमवर वर कळवलं,
"बाहेरच्या बाई आल्यात."

बाधाही बाहेरचीच असते म्हणतात.
तिला लिंबू उतरवतात,
मला काजूकतली, वेफर्स, दोनदा चहा.
पिंगुळकर सर बशी पुढे सरकवत म्हणाले,
"जरा सांभाळून घ्या, मॅडम. पोरं गरीब आहेत."
गरीब म्हणजे नेमकं काय, मी विचारलं नाही.
आमच्या कॉलेजात बशी पुढे करताना
मीही हाच शब्द वापरते.

प्रयोग साधा. पाण्याची दुष्फेनता काढा.
ब्युरेटमधून थेंब थेंब सोडायचे
फ्लास्कातला द्राक्षाचा रंग निळा होईस्तोवर.
अमोनियाने डोळे चुरचुरत होते.
मी टेबलाटेबलावरून फिरले.
नऊ पूर्णांक आठ.
नऊ पूर्णांक आठ.
एकोणीस जणांचं नऊ पूर्णांक आठ.
इतकं एकमत आमच्या सोसायटीच्या मीटिंगमध्ये
लिफ्टच्या रंगावरसुद्धा झालेलं नाही.

घाडीगावकर, लॅबचे जुने असिस्टंट,
पुसलेला ओटा पुन्हा पुसत होते.

विसावी, खिडकीजवळची, ऐमन परकार.
चौदा पूर्णांक तीन.
तीनदा केलेलं, तीनदा तेच, कुठे खाडाखोड नाही.
"तुझंच वेगळं का?"
तिने आधी बाकीच्यांकडे पाहिलं.
"मॅडम, आज नळाला पाणी नाही. टँकरचं आहे, बोअरचं.
आमच्या माहुलच्या बिल्डिंगमध्ये हेच येतं.
साबण झिजतो, फेस येत नाही.
म्हणजे आकडा जास्तच यायला पाहिजे ना?"
त्या 'ना'वर तिचा आवाज हलला.

मी पदर खोचला.
किती वर्षांत परक्या लॅबमध्ये ब्युरेट भरली नव्हती.
सगळ्यांचे हात थांबले.
द्राक्षाचा जांभळा झाला, जांभळ्याचा निळा.
चौदा पूर्णांक चार.
शेवटचा थेंब माझ्याकडून जास्तीचा पडला.

"शनिवारी नऊ-आठच होतं, बाई,"
घाडीगावकर हळूच म्हणाले,
"मी खोटं नव्हतं सांगितलं."

खरंच. आकडा खोटा नव्हता,
शिळा होता.

मला चिडायला हवं होतं.
घरचा आहेर द्यायलाच तर
बाहेरचीला बोलावतात.
पण येत्या मंगळवारी आमच्याकडे
अशीच कोणी बाहेरची येईल
आणि आमच्याकडे आकडा
घाडीगावकर सांगत नाहीत.
मी सांगते.
फळ्याच्या कोपऱ्यात, तारखेच्या खाली,
बॅच नंबर असावा तसा लिहून ठेवते.
अकरा वर्षं.

ऐमनला वीसपैकी वीस.
बाकीच्यांना आकडेमोडीचे दिले,
रीडिंगचे शून्य.
पिंगुळकर सर गुणपत्रिकेकडे बराच वेळ बघत राहिले.
"एवढं कशाला, मॅडम," म्हणाले,
मग पेन मागितलं. माझंच.
लाख वितळली, तिचा वास अमोनियावर बसला.
माझी सही अर्धी झाकणावर, अर्धी पाकिटावर.

मानधनाच्या बिलात एक रकाना होता,
परीक्षक आणि केंद्र यांमधील अंतर.
मी किलोमीटर लिहिले.

निघताना हात धुवायला बेसिनपाशी गेले.
घाडीगावकरांनी नवी वडी कागद फाडून दिली,
काही न बोलता बाजूला उभे राहिले.
मी घासत राहिले, घासत राहिले.
बोटांवरची शाई
थोडी पातळ झाली, इतकंच.